जाड काचेची जोडी

आमच्या सुनेला कुणीतरी समजवा. दुपार झाली की ती खिडकीशी बसते आणि एकच काच तीन-तीन तास पुसते. भांडी लोळतायत, ताटातला घास सुकतोय, पण बाईसाहेबांना काच लखलखीत हवी. अंगावर मांस उरलेलं नाही तिच्या. अशीच राहिली तर वर्ष काढायची नाही.

काचा पुसणं हा आमचा घरचा धंदा. त्याला चुंबकाचे दोन ठोकळे लागतात, फडकं लावलेले. एक काचेच्या आतून, दुसरा बाहेरून. आतला सरकवला की बाहेरचा मागोमाग जातो. शाळेत मी दोनच वर्षं गेले, पण एवढं कळतं: काच, कापड, पुठ्ठा, चुंबक कुणालाच जुमानत नाही. त्याला मारतं ते अंतर. म्हणून जाड काचेला जोरकस जोडी, पातळ काचेला साधी. दिसायला दोन्ही जुळ्या.

सहा महिन्यांपूर्वी माझा लेक कामावर सहाव्या मजल्यावरून पडला. लग्नाला चार महिने झालेली ही नवी नवरी आतून ठोकळा सरकवत होती, तो शेजारच्या उघड्या झडपेतून वाकून बघत होता. बाहेरचा ठोकळा सुटला. तो धरायला लेक झेपावला. शेजारणी तिला पांढऱ्या पायाची म्हणाल्या. मी गप्प बसले.

आता ती घरी उरलेली जोडी फिरवते, अगदी सावकाश. खिडकीबाहेर चार मजल्यांची पोकळी, आणि ते फडकं मात्र कुणाचा तरी हात असल्यासारखं चालतं. काल ही थांबली, तरी बाहेरचं बोटभर पुढे गेलं. मी भित्री नाही, पण हातातला तांब्या तसाच राहिला.

आज म्हटलं, "पुरे गं. तो यायचा नाही."

"येतो, आई. आता मी हिसका देत नाही ना. त्या दिवशी दिला, म्हणून सुटला."

एकदाचा पडू दे तो ठोकळा, म्हणून मी आतल्याची कड उचकटली आणि मध्ये तळवा सारला. पडला नाही. काचेपलीकडून माझ्या हाडांतून ओढत राहिला, लेक लहानपणी बोट धरून ओढायचा तसा.

सून टक लावून बघत होती. "आई, मध्ये तुमचा हात असूनही सुटत नाही. मग माझ्या हिसक्यानं कसा सुटला?"

 खोटं जिभेवर तयार होतं. पण हात अजून काचेवर होता, आणि ओढ थांबत नव्हती.

"तू हिसका दिलाच नाहीस. ही जाड काचेची जोडी आहे, तिथल्या जाड काचेला हीच हवी होती. त्या सकाळी पिशवी मी भरली, हाताला आली ती पातळवाली कोंबली. संध्याकाळी ही घरात दिसली तेव्हाच कळलं मला. सहा महिने माझं पाप तुझ्या डोक्यावर ठेवून मी दोन वेळ जेवले. ऊठ तिथून. पोरी, त्याला तू नाही, मी पाडलं."