डाव्या हातावरचा अन्याय

माईंनी आयुष्यात कुणाला झुकतं माप दिलं नाही. मुलगे लहान असताना दोघांना सफरचंदाच्या फोडीसुद्धा त्या तराजूवर तोलून देत. अशा बाईला धाकट्या सुनेनं प्रयोगात घेतलं, तिथंच माशी शिंकली.

सून वणांवर संशोधन करायची. तिनं माईंना समजावलं, की जखम झाली की टीजीएफ-बीटा नावाचा एक रेणू निरोप्यासारखा धावतो आणि पेशींना सांगतो, धागे विणा, भोक बुजवा. हा निरोप हवाच, नाहीतर जखम मिटायची नाही. पण काम उरकल्यावरही निरोप्या ओरडत राहिला, तर धाग्यांचा ढीग होतो आणि जाड वण उठतो. त्याला वेळेत गप्प करणारं मलम सुनेच्या प्रयोगशाळेनं बनवलं होतं. माईंच्या दोन्ही दंडांवर बारीक चीर दिली. एका ट्यूबमध्ये औषध, दुसरीत नुसतंच मलम. कशात काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

उजवा दंड गुळगुळीत झाला. डाव्यावर गांडुळासारखा वण उठला. माईंचा जीव तुटला. डाव्यानं काय कुणाचं घोडं मारलं होतं? त्या उजव्याशी जरा तुटकच वागू लागल्या. चहाचा कपसुद्धा डाव्या हातात धरू लागल्या.

पुढच्या फेरीत नव्या चिरा दिल्या. या वेळी दोन्ही दंड अगदी सारखे भरले. दोन्हीकडे वण होता, पण पुसट. प्रयोगशाळा चक्रावली. एका हाताचा निरोप दुसऱ्याला पोचत असावा, असं मोठ्या सरांनी मत दिलं आणि त्यावर बैठकांवर बैठका झाल्या.

सून मात्र सासूला ओळखून होती. घरी येऊन तिनं विचारलं, "माई, मलम नेमकं कसं लावलंत?"

"दोन्ही ट्यूब वाटीत पिळल्या, चमच्यानं घोटलं आणि निम्मं निम्मं लावलं. माझ्या अंगावर दुजाभाव चालायचा नाही."

सुनेनं तिथूनच मोठ्या सरांना फोन लावला.

माईंना प्रयोगातून काढलं. तरी सरांनी डाव्या दंडावरचा जुना वण लेझरनं कमी करून द्यायचं कबूल केलं. माईंनी अट घातली, उजव्यालाही. तिथं काहीच नाही, हे सरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. माई खुर्चीवरून हलेनात. शेवटी सरांनी यंत्र बंद करून ते उजव्या दंडावर तितकाच वेळ, गंभीर चेहऱ्यानं फिरवलं. वर दुखलं का, असंही विचारलं.

"दुखलं," माई समाधानानं म्हणाल्या, "पण डाव्याइतकंच."