जुळवून घेणं

कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणाऱ्या मशीनचा एक भाग बदलला होता आणि उद्यापासून ते पुन्हा चालू व्हायचं होतं. पाण्याच्या टाकीत किरण किती खोल पोचतो ते मोजायचं, कॉम्प्युटरवर तोच किरण खोटाखोटा सोडून पाहायचा आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की सही करायची, हे भौतिकतज्ज्ञ बाईंचं काम. आज रेघा बसत नव्हत्या. मोजलेला किरण जरा जास्तच खोल जात होता.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता, कारण उद्याची पहिली पेशंट त्यांची थोरली बहीण होती. उपचार नकोतच म्हणून ताई अडून बसली होती. "तुझं मशीन आहे ना, मग येते," एवढ्यावर कशीबशी तयार झालेली. तारीख पुढे ढकलली तर ती पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता.

"कॉम्प्युटरमधली ऊर्जा थोडी वाढवा, जुळून जाईल," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. ते सदा घोड्यावर.

बाईंनी वाढवली. रेघा गुण्यागोविंदाने एकमेकींवर बसल्या, पण बाईंना काही बसवेना. उठल्या, पाणी प्यायल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. सासू खाष्ट? जुळवून घे. नवरा तुसडा? जुळवून घे. ताईला सगळे हेच सांगत आले होते, आणि गाठ आली तेव्हा ताईने तिच्याशीही वर्षभर जुळवून घेतलं होतं.

बाई तडक टाकीपाशी गेल्या. मोजणारी नळी आधी अर्धी पाण्यात, अर्धी वर ठेवायची असते, आणि ते पाहायचं टाकीच्या बाजूने, खाली वाकून. बुडालेला अर्धा भाग आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पूर्ण गोल दिसला पाहिजे. सकाळी ताईच्या काळजीत बाईंनी वरूनच पाहिलं होतं. आता त्या उकिडव्या बसल्या. गोल चपटा होता. नळी वर राहिली होती, म्हणून प्रत्येक खोली खऱ्यापेक्षा जास्त भरत होती.

म्हणजे कॉम्प्युटर बरोबर होता आणि हात चुकला होता. सगळं पहिल्यापासून मोजायचं. बाईंनी फोन लावला.

"ताई, उद्या नाही. परवा."

"बिघडलं का काही?"

"मोजताना माझी चूक झाली. जुळवून घेता आलं असतं, पण..."

"मग घ्यायचंस की! आपल्या घरात काय नवीन आहे ते?"

"तुझ्या बाबतीत नाही घेणार मी," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.



"हे कुणीतरी फार आधी म्हणायला हवं होतं गं," ताई म्हणाली. "परवा किती वाजता येऊ?"