शेठच्या मुलीचा बस्ता

"मामू, शालू तुमच्याच हातचा घेणार. न्हाई तर बोहल्यावर उभीच राहणार न्हाई, असं सांगितलंय घरी!"

गादीवर टेकता टेकता आरती म्हणाली, आणि तिच्यामागून सिद्धेश्वरशेठ पायरी चढला. देगलूरच्या बाजारात समोरासमोर दोन कापडदुकानं; एकाचा मालक मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुसऱ्यात, तुळजाबाईंकडे आला होता. तिथे कपडा दाखवणाऱ्या गुलाम रसूलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. याच दिवसाची तो वाट पाहत होता.

त्याची उमेदीची वर्षं शेठकडे कपडा दाखवण्यात गेली. आरतीचं परकर-पोलकंही तोच निवडायचा. पण नोकर म्हणजे चोर, ही शेठची समजूत. दुकान सुटताना रोज दारात पिशव्यांची झडती. एका ईदला त्याच्या बायकोने, फरीदाने, दुकानातल्यांसाठी शिरखुर्मा दिला होता. संध्याकाळच्या झडतीत डब्यात उरलेल्या शिरखुर्म्यात काही लपवलंय का म्हणून शेठने गिऱ्हाइकांदेखत काडी फिरवून पाहिली. डबा तिथेच ओतून रसूल निघाला तो थेट समोर. तुळजाबाईंनी पहिल्याच दिवशी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि जेवायला सगळ्या नोकरांच्या पंगतीत बसल्या. तिथे माणूस असा खुलला, की मुखेड-जळकोटहून लोक "रसूलमामू हायेत का?" असं विचारत येऊ लागले. शेठ बसला माश्या मारत. बरं झालं, चांगली खोड मोडली!

आज रसूलने जीव ओतून शालू निवडला. आरशात पाहून आरती खुदकन हसली. पिशव्या घेऊन निघताना शेठ हळूच म्हणाला, "रसूल, आता परत ये की. म्हणशील तो पगार देतो."

रसूल दारात आडवा उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, पिशवी दाखवा."

तुळजाबाई गल्ल्यावरून उठल्या. "रसूलभाई, आपल्याकडं असलं चालत न्हाई."

"आजचा दिवस, बाई."

शेठचा हात पिशवीकडे गेला. तेवढ्यात आरती पुढे झाली. तिने आपल्या पिशवीतला नवा शालू काढून रसूलसमोर झटकला. "माझी बघा आधी. मीबी त्याच घरची हाय."

शेठने मान खाली घातली. तेवढं पाहायला रसूल इतकी वर्षं थांबला होता, आणि नेमकं तेच त्याला दिसलं नाही. तो आरतीकडे पाहत होता, आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती.