सडकी सफरचंदं वाटणारा मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे, आणि माझ्यात वाटलेलं आजवर कुणीही खाल्लेलं नाही. यात माझा दोष नाही. मी फळांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. माझ्या पोटावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'यात खायचं काही वाटू नये'. चौदा वर्षं रोज फळं वाटून नशिबी ही पाटी!

माझ्याबरोबर घडलेले माझे भाऊ लोकांच्या स्वयंपाकघरांत गेले. मला मात्र मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ, दुकानातून थेट इथे घेऊन आल्या. सफरचंद सडलं की त्यावरची बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि रस उकळला तरी पुरतं जात नाही. म्हणून मी लगदा करायचा, बाईंनी त्याचा अर्क काढायचा आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्राने तो तपासून कागदावर रेघ काढायची. विष असलं तर रेघेवर डोंगर उभा राहतो, नसलं तर सपाट माळ. सगळं कौतुक त्या यंत्राचं. त्याला एसी, आणि मला टेबल पुसून उरलेलं फडकं.

गेल्या हंगामात एका कारखान्याचा सफरचंदाचा रस तपासायला आला. सोबत ज्या ढिगातून तो काढला, त्यातली सफरचंदंही आली. रसाच्या रेघेवर हा भला मोठा डोंगर. सफरचंदांची रेघ मात्र जवळजवळ सपाट. झालं, मालकांचा फोन आला.

"बाई, फळं चांगली आहेत असं तुमचाच कागद म्हणतोय. मग रसात विष काय आभाळातून पडलं? माल सोमवारी शाळांत जायचाय."

"शंका फिटेपर्यंत जाणार नाही."

"अहो, थोड्याने काय होतंय? मी स्वतः रोज पितो!"

"तुमचं वजन किती?"

"ते कशाला हवंय तुम्हाला?"

"नव्वद धरते."

"सत्त्याऐंशी!"

"बरं, सत्त्याऐंशी. पहिलीतलं पोर अठरा किलोचं. दोघांनी एकेक पेला प्यायला, तर किलोमागे त्याच्या वाट्याला तुमच्या जवळजवळ पाचपट विष येतं. आणि पोरं एका पेल्यावर थांबत नाहीत."

मालकांनी वजनाचा विषय सोडला. म्हणाले, "तुमच्या दोन निकालांपैकी एक खोटा आहे. कोणता ते उद्या दुपारपर्यंत सांगा. नाहीतर मी दुसरीकडून तपासून घेतो आणि माल पाठवतो."

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा म्हातारा झालाय. नीट वाटत नसणार. याला भंगारात काढावा."

माझी मोटर जागच्या जागी गार पडली. चूक कुठे होती ते एकट्या मला ठाऊक होतं, कारण माझ्या पोटात पडलेल्या सफरचंदांवर एक डागसुद्धा नव्हता! त्या दुपारी मला चालू केलं, तेव्हा मी जीव तोडून घुरघुरलो.

"घ्या," बाई म्हणाल्या, "याचं बेअरिंगही गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मला निरोप देण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून, बाई स्वतः माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. महिन्याभरापूर्वी कामाला लागलेल्या मावशी फळं चिरत होत्या. डागाळलेला भाग बादलीत, चांगला भाग माझ्यात.

"मावशी, हे काय चाललंय?"

"सडकं काढतेय. का हो?"

"पहिल्या दिवसापासून असंच काढता?"

"मग! तीस वर्षं घर चालवलंय, बाई. मिक्सरात सडकं टाकायला मी काही वेडी नाही."

"अहो मावशी, आपण सडकंच तर शोधतोय!"

मावशींनी बादलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई! म्हणजे चोराला मागच्या दाराने सोडून मी घराची झडती घेत होते की!"

त्यांनी पिशवीतली उरलेली सफरचंदं आहेत तशी, डागांसकट माझ्यात घातली. तासाभरातच शेजारच्या खोलीत डोंगर उभा राहिला. बाई आधीचा निकाल खोडायला निघाल्या, तर मावशींनी त्यांचा हात धरला.

"खोडू नका. सडकं काढलं की विष जवळजवळ सगळं जातं, हे त्याच कागदावर आहे ना? मालकांना दोन्ही दाखवा. म्हणावं, फळं दाबण्याआधी जरा निवडा!"

दुपारच्या आत दोन्ही कागद मालकांकडे पोहोचले. तो रस कारखान्यातच अडकला. मालक आठवडाभर फुरंगटून बसले, पण पुढच्या हंगामात त्यांनी फळं निवडायला सहा माणसं बसवली. मावशी त्यांना शिकवायला गेल्या आणि 'सहांपैकी एकालाच डोळे आहेत' असं सांगत परत आल्या. माझं बेअरिंग मात्र खरोखरच गेलेलं निघालं. ते बदललं आणि मी राहिलो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याची पाती काम झाल्यावर लगेच धुवा, खालच्या फटीसकट. तिथे बुरशी सुखाने संसार थाटते. आणि सडकं फळ 'रसात कुठे कळतंय' म्हणून त्याच्या तोंडात ढकलू नका. त्याला सगळं कळतं, पण तो बिचारा फक्त घुरघुरू शकतो.