ऐकू येईल इतकं

कानाच्या मशीनचा सेल — हरभऱ्याच्या डाळीएवढा, पाठीला नारिंगी पट्टी चिकटलेला — लॅपटॉपशेजारी पडून होता आणि अनुजाचं लक्ष पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात होतं. पडद्यावर तिचं निवेदन तयार होतं. एमएससाठी ध्वनिशास्त्रच का, असं परदेशातल्या विद्यापीठानं विचारलं होतं, आणि उत्तर आज सहाच्या आत पाठवायचं होतं. कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरमध्ये दुपार अशी सुस्तावली होती, की भिंतीसुद्धा पेंगत असाव्यात.

पहिलंच वाक्य होतं : कारखान्यातल्या यंत्रांच्या गडगडाटात माझ्या वडिलांचे कान गेले.

शेजारचा प्रफुलदादा असाच अर्ज करून जर्मनीला गेला होता. त्यानं फोनवर बजावलं होतं, "थोडा इमोशनल टच दे, यार. सूखा-सूखा कोन वाचते?" म्हणून तिनं टच दिला. खरं तर तिचे बाबा, कृष्णराव, जन्मभर ऑफिसात कारकून; तिथला सर्वांत मोठा आवाज पंख्याचा. त्यांचे कान लहानपणीच फुटले होते, भंडाऱ्याकडच्या तळ्यात डुंबून डुंबून. पण तळ्यात डुंबण्यानं कोणाचं काळीज हलतं?

आणि खरं... खरं लिहायचं तर आठवीतल्या त्या दुपारी लिहाव्या लागल्या असत्या. बाबांच्या खुर्चीमागे उभं राहून ती हाक मारायची, अगदी हळू. मग एक पाऊल मागे, पुन्हा हाक — मान कधी वळते, कधी वळत नाही, सगळं गणिताच्या वहीच्या मागल्या पानावर. आवाज हवेत कुठवर जगतो, कुठे विरतो, ह्याचं तिला असं वेड लागलं की दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही. मग आवाजाची एक रेघ सापडली. तिच्याखाली बोललेलं बाबांना ऐकू येत नाही. आणि एकदा त्या रेघेखालीच, त्यांच्या पाठीमागून, ती म्हणाली होती : उद्या शाळेत येऊ नका, मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पालकसभेला आई एकटीच आली. बाबांना काम निघालं म्हणे. पुढेही निघतच राहिलं, बारावीपर्यंत... योगायोग असेल. तिची रेघ पक्की होती, तिनं तीनदा तपासली होती — तीनदा! — पण पंख्याच्या घरघरीनं रेघ सरकते, आणि त्या दिवशी पंखा चालू होता की बंद, हे तिनं लिहून ठेवलं नव्हतं.

"काय लिवून राहिली वं सकाळपासून?" कृष्णराव आले, सेल उचलून, पट्टी सोलून मशीनमध्ये बसवत समोर बसले.

"अर्ज हाय, बाबा. माह्याबद्दल लिवाचं हाय."

"मंग मले सांग नं मराठीत. जोरानं."

तिनं पहिलं वाक्य सांगितलं. ते खो-खो हसले. "अवं, यंत्रं कोनती? माह्या हापिसात त टाइपरायटर बी हळूच वाजे! खरं हाय ते लिव नं, पोरी. कावून घाबरते?"

तिनं वाक्य पुसलं. हलकं वाटायला हवं होतं, पण तिला भीतीच वाटली. आता लिहिण्यासारखं एकच उरलं होतं, आणि ते लिहिण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. त्यांनी तेव्हा ऐकलं नसेल, तर आज आपणच ते ऐकवणार... आणि ऐकलं असेल, तर इतकी वर्षं हा माणूस आपल्याशी हसत-बोलत राहिला. ह्यातलं काय बरं, तिला ठरवता येईना.

"बोल," ते म्हणाले.

तिनं तोंड उघडलं — आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळेना, किती मोठ्यानं बोलावं.