सतरावी ओळ

मला रिकामी ओळ सहन होत नाही. टायपिंगच्या दुकानात बारा वर्षं काढली की माणसाचं असंच होतं. कुणी साधी टेक्स्ट फाइल आणली की मी आधी रिकाम्या ओळी उडवते, हाताने घातलेले आकडे पुसते आणि वर्डला सांगते, आता तूच घाल नंबर. यादी कशी चापूनचोपून बसते!

दादाच्या प्रबंधाची संदर्भसूचीही मी अशीच बसवली. पाच प्रती बायंडरकडे गेल्या. संध्याकाळी पाचच्या आत त्या विद्यापीठात पोचवायच्या होत्या. दीड वाजता डबा खाता खाता सहज शेवटचं पान पाहिलं. शेवटचा आकडा १४२. दादाच्या फाइलमध्ये १४३.

डबा तसाच बाजूला सारला.

दोन्ही याद्या शेजारी लावून ओळ न् ओळ ताडून पाहिली. दादाच्या फाइलमध्ये सतराच्या पुढे नुसती रेघ होती. एखादं पुस्तक वगळलं तरी तो त्याचा नंबर तसाच ठेवतो, म्हणजे बाकीचे हलत नाहीत. ती रेघ मी कचरा समजून उडवली होती. अठरावं पुस्तक सतरावं झालं आणि पुढची सगळी एकेक घर वर सरकली. आतल्या मजकुरात मात्र जुनेच आकडे. दादा हवाला देतोय एका पुस्तकाचा आणि सूचीत त्या नंबरावर भलतंच पुस्तक.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या एका लेखात असंच झालं होतं. "हा खोटे संदर्भ देतो," असं त्याचे सर भर बैठकीत म्हणाले होते. पुन्हा घडलं तर पीएचडीतून नाव काढून टाकू, हेही. त्या सरांना मी घरी बसून काय काय शिव्या घातल्या होत्या!

आणि तो लेख टाईप कुणी केला होता?

जुनी फाइल उघडायला माऊस धरवेना. उघडली. दादाच्या यादीत नऊसमोर रेघ होती. माझ्या यादीत ती नव्हती.

गप्प बसले असते तर हे जुनं कुणालाच कळलं नसतं. मी फोन लावला आणि आधी सतरा नंबरचं सांगितलं.

"घाबरू नकोस," दादा म्हणाला. त्याचाच आवाज कापत होता. "सतरासमोर 'वगळले' असं टाक. सूचीची पानं पुन्हा छाप. मी बायंडरला थांबवायला पळतो."

"दादा, दोन वर्षांपूर्वीचं तेसुद्धा माझ्यामुळेच झालं रे."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू पुन्हा कीबोर्डला हात लावला असतास?"

"आणि या वेळी छापायच्या आधी तपासायला तरी मागायचंस ना, वेड्या!"

"मागितलं असतं तर तुला मागचं कळलं असतं."

मी 'वगळले' टाईप केलं. प्रिंटरने पहिलं पान बाहेर टाकलं. सतराव्या ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं, तरी भीती जाईना.