पिठ्या ढेकणांचे पुढारी

संघटित शक्तीपुढे कोणतीही सत्ता फार काळ टिकत नाही, हे मानवजातीच्या इतिहासानं वेळोवेळी सिद्ध केलेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीतही ते सिद्ध झालं. फरक एवढाच, की तिथे संघटित शक्ती पिठ्या ढेकणांची होती आणि सत्ता बनियन घालून, हातात बायकोचा भुवया कोरायचा चिमटा धरून उभी होती.

या सत्तेला सगळे साहेब म्हणत. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांच्याकडून किल्ल्या, ओळखपत्र आणि खुर्चीवरची उशी परत घेतली. साहेबपणा तेवढा मागायचा राहून गेला, म्हणून तो घरी आला. बायकोही त्यांना साहेबच म्हणायची. मात्र ती ज्या सुरात म्हणायची त्या सुरात एखादा कामगार बोलला असता, तर संध्याकाळच्या आत त्याच्या हातात मेमो पडला असता.

निवृत्तीनंतर घरातली कामं वाटून घ्यायचं ठरलं आणि मग एकेक करून ती साहेबांकडून काढून घेण्यात आली. भाजी आणण्याचं काम गेलं, कारण भाजीवालीशी बोलणी फिसकटली की साहेब सभात्याग करून रिकाम्या पिशवीनिशी घरी येत. भांडी मांडणीत लावायचं काम गेलं, कारण त्यांनी ती सेवाज्येष्ठतेनुसार लावली. लग्नातलं पोचे आलेलं पातेलं सगळ्यात पुढे आणि रोजचा कुकर पार मागे. शेवटी त्यांच्या हाती एकच खातं उरलं, ते गॅलरीचं. तिथल्या आरामखुर्चीत बसून खालच्या रस्त्यावर कोण कामाला उशिरा निघालंय ते बघता यायचं. कठड्याला लागून मोठ्या कुंडीत जास्वंद होती. बायकोनं हातभर काडीपासून वाढवलेली, लालभडक फुलांची, आणि घरात साहेबांपेक्षा थोडी वरच्या हुद्द्यावरची.

मुलीच्या बाळंतपणासाठी बायको तिच्या गावी निघाली, तेव्हा रिक्षा खाली उभी असताना तिनं दारातच सांगितलं, "जास्वंद आत्ता दिसतेय तशीच मला परत आल्यावर दिसली पाहिजे. नाहीतर गॅलरी माझ्या ताब्यात आणि तुम्ही सकाळचे दादाच्या मंडळात."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, साहेबांचा मेव्हणा. तो बागेत रोज सकाळी ज्येष्ठांचं व्यायाममंडळ चालवायचा. साहेब एकदाच गेले होते. मेव्हण्यानं त्यांची ओळख 'आपले नवीन सभासद' अशी करून दिली होती आणि सगळ्यांसमोर पायाचे अंगठे धरायला लावले होते. अंगठे हाताला लागले नव्हते. त्यावर मंडळानं टाळ्या वाजवून त्यांना उत्तेजन दिलं होतं. त्या टाळ्या साहेबांना अजून ऐकू येत. तेव्हा जास्वंदीची काळजी घेणं हे त्यांच्या दृष्टीनं बागकाम नव्हतंच. अब्रूचा प्रश्न होता.

बायको गेल्यावर थोड्याच दिवसांत जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसाचे बारके पुंजके दिसायला लागले. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला तेव्हा पुंजक्यांना पाय होते. पानं चिकट झाली होती, कळ्या न उमलताच गळत होत्या आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा सुरू होती. रोपवाटिकेतल्या माणसानं फोनवर नाव सांगितलं, पिठ्या ढेकूण, आणि साबणाचं पाणी मारायला सांगितलं. साहेबांना हा उपाय अडाणीपणाचा वाटला. सरसकट कारवाई केली की असंतोष वाढतो, हे त्यांनी कारखान्यात पाहिलेलं होतं. जमावाला हात लावायचा नाही. जमावातले पुढारी हुडकायचे आणि त्यांना उचलायचं, म्हणजे बाकीचे आपोआप कामाला लागतात. ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. ती झाकणांच्या कारखान्यात कधी यशस्वी झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, पण साहेबांची निष्ठा ढळली नव्हती.

आणि पुढारी होतेच. बारकाईनं पाहिल्यावर साहेबांना ते दिसले. बाकीचे ढेकूण एका जागी चिकटून रस पीत बसलेले. पण अधूनमधून काही चांगले धष्टपुष्ट, अंगावर लांब पांढऱ्या झिपऱ्या सोडलेले, आणि हे एका जागी बसत नव्हते. या फांदीवरून त्या फांदीवर, या घोळक्यातून त्या घोळक्यात सारखे हिंडत होते. ज्या घोळक्यात शिरत तिथे खळबळ माजे. साहेबांनी असं हिंडणं आणि अशा झिपऱ्या उभ्या आयुष्यात इतक्या पाहिल्या होत्या, की चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कारवाई सुरू झाली. सकाळचा चहा झाला की साहेब ड्रेसिंग टेबलावरचा चिमटा घेत, एकेक पुढारी अलगद उचलत आणि कठड्यावरून खाली सोडत. चिरडत नसत. बडतर्फी हे शेवटचं पाऊल असतं; आधी बदली करून पाहायची असते. बदलीचं ठिकाण तळमजल्यावरचं अंगण होतं, आणि ते अंगण अध्यक्षांचं होतं हा निव्वळ योगायोग आहे, असं साहेबांचं म्हणणं असे.

अध्यक्ष म्हणजे त्याच कारखान्यातल्या कामगार संघटनेचे माजी अध्यक्ष. हयातभर दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले आणि निवृत्तीनंतर नशिबानं दोघांना एकावर एक रचलं. एका संपानंतर साहेबांनी अध्यक्षांची बदली चालू मशीनवरून वॉशरच्या गोदामात केली होती. अध्यक्ष ते विसरले नव्हते. जिन्यात भेटले की "काय साहेब, वॉशर वगैरे पाहिजे का?" असं विचारायचे, आणि नळाचा वॉशर खरंच गेलेला असला तरी साहेब नको म्हणायचे.

तर बदल्या होत राहिल्या आणि जास्वंद पांढरी होत गेली. पुढारी जितके कमी झाले तितका जमाव वाढला. साहेबांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की चळवळ आता भूमिगत झाली आहे. तिकडून बायकोचा फोन यायचा. बाळाचं वजन, मुलीची झोप, जावयाचा स्वयंपाक असे विषय झाले की ती जास्वंदीची चौकशी करायची. साहेब परिस्थिती नियंत्रणात असल्याचं कळवत. हे वाक्य ऐकलं की कारखान्यात लोक घरी जायची तयारी करत. बायकोनं नुसतं "बरं" म्हटलं, आणि ते जास्त वाईट होतं. मग एके दिवशी तिनं येत्या रविवारी निघत असल्याचं सांगितलं.

त्याच दुपारी बेल वाजली. दारात अध्यक्ष होते, आणि हसत होते. पूर्वी अध्यक्ष हसत आले की आठवडाभरात भोंगा बंद पडायचा, म्हणून साहेबांनी दाराची साखळी काढली नाही.

"आभार मानायला आलोय," अध्यक्ष फटीतून म्हणाले.

"कशाबद्दल?"

"रोज सकाळी वरून माणसं पाठवता त्याबद्दल. पांढरी, झिपऱ्यावाली. माझा पेरू गेल्यातच जमा होता, साहेब. पिठ्यानं नुसता माखलेला. तुमची माणसं आली आणि त्यांनी फांदी न् फांदी साफ केली."

साखळी निघाली. अध्यक्षांनी खुर्चीत बसून फोनवरचे फोटो दाखवले. त्यांची सून शेतकी कॉलेजात किड्यांचा विषय शिकवायची. तिनं भिंगाखाली बघून सांगितलं होतं की ही पिठ्या ढेकणांची जात नव्हे. या एका भुंगेऱ्याच्या अळ्या. ढेकणांसारखंच पांढरं सोंग घेतात, त्यांच्यातच हिंडतात आणि त्यांनाच खातात. मोठ्या झाल्या की तांबूस डोक्याचे बारके काळे भुंगेरे होतात. आहेत तिथे राहू द्यायच्या, एवढंच करायचं असतं.

साहेबांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. तिथे जास्वंद पीठ सांडल्यासारखी उभी होती.

"रागावू नका," अध्यक्ष चहा बशीत ओतत म्हणाले, "पण ही तुमची जुनी खोड आहे. शंभरातला जो खरं काम करत असेल, नेमका तोच तुम्ही उचलायचा."

पुढचं जे झालं त्याला वाटाघाटी म्हणायला हरकत नाही. साहेबांनी आडवळणानं विचारून पाहिलं, की खाली आता पेरू साफच झाला असेल, तर काही मंडळी वर परत पाठवता येतील का. अध्यक्ष म्हणाले, येतील, पण मंडळींचंही काही म्हणणं असेल. मंडळींचं म्हणणं त्यांना अगोदरच ठाऊक होतं. कठड्यावरून फेकलेल्यांना आता चिमट्यानं उचललेलं चालणार नव्हतं. त्यांना पेरूच्या फांदीसकट, जिन्यानं, सन्मानानं वर आणावं लागणार होतं, आणि फांदी साहेबांनी स्वतः धरायची होती. साहेबांनी हे मान्य केलं. मुंग्या ढेकणांचा चिकट गोडवा चाखतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, तेव्हा हे पहारेकरी आधी हटवावे लागणार होते. तेही मान्य झालं. पहारेकरी हटवण्याची कल्पना मात्र साहेबांना आवडली नाही.

शेवटचं कलम अडलं. बदली चुकीची होती, असं साहेबांनी तोंडानं म्हणायचं होतं. साहेब खेद व्यक्त करायला तयार होते. अध्यक्षांना खेद नको होता. गोदामात त्यांना खेदच खेद मिळाला होता. साहेबांनी 'गैरसमजातून घडलेली बाब' देऊ केली. अध्यक्षांनी फोन खिशात टाकला आणि चपला शोधायला लागले. साहेबांच्या डोळ्यांसमोर बाग आली, मेव्हणा आला, आणि अजून हाताला न लागलेले अंगठे आले.

"बदली चुकीची होती," साहेब म्हणाले.

कोणती, ते अध्यक्षांनी विचारलं नाही. त्यांनी बशीतला उरलेला चहा सावकाश संपवला. मग उठता उठता म्हणाले, की गोदाम तसं वाईट नव्हतं. बसायला स्टूल होतं.

संध्याकाळी साहेब पेरूची फांदी दोन्ही हातांनी धरून जिना चढले. मागून अध्यक्ष, एकही खाली पडत नाही ना, यावर लक्ष ठेवून. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं दार उघडून बघितलं आणि काही न विचारता लावून घेतलं. मुंग्यांची वाट साहेबांनी ओल्या फडक्यानं पुसली, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली आणि फांदी जास्वंदीला बांधली. झिपऱ्यावाले खाली उतरले. एकानं तर पहिल्याच पानावर कामाला सुरुवात केली. दोघं जण खुर्च्या ओढून बघत बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एका बाजूला बसून काही पाहिलं होतं, आणि अध्यक्ष मधूनच "हाण" म्हणत तेव्हा साहेब मान डोलवत.

रविवारी बायको आली. पिशव्या खाली ठेवून ती सरळ गॅलरीत गेली. अळ्या जोमानं काम करत होत्या. पण त्याही पांढऱ्या आणि आकारानं मोठ्या, त्यामुळे झाड पूर्वीपेक्षा जास्तच भयंकर दिसत होतं. साहेबांनी खुलासा सुरू केला. यातले बसलेले ते शत्रू आणि हिंडणारे ते आपले, ही परिस्थिती वरवर दिसते तशी नाही, तळमजल्याशी सन्मान्य तडजोड झालेली आहे, थोडी मुदत मिळाली तर निकाल दिसेल. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग न्हाणीघरातून रबरी नळी आणली, साबणाच्या पाण्याची बादली आणली आणि साहेबांना बाजूला व्हायला सांगितलं.

शत्रू, आपले, तडजोड, पेरूची फांदी, सगळं मिळून फेसासकट कठड्यावरून खाली गेलं. खालून अध्यक्षांचा आवाज आला, की हे एकतर्फी आहे.

ओल्या जास्वंदीत एक बारकी हिरवी कळी दिसत होती. साहेबांनी ती बायकोला दाखवली, आणि गॅलरीचं काय ठरतंय, ते जमेल तितक्या सहज विचारलं.

बायको नळी गुंडाळत होती. गॅलरीत दोऱ्या बांधायला उद्या माणूस येणार आहे, असं तिनं सांगितलं, आणि आरामखुर्ची कुठे ठेवायची ते तेवढं बघा म्हणाली. मुलगी पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन राहायला येत होती. दुपट्यांना ऊन लागतं आणि घरात ऊन फक्त गॅलरीत येतं. हे बायको निघाली त्याच्या आधीच ठरलं होतं, आणि मंडळात एक सभासद वाढणार असल्याचं दादालाही तेव्हाच कळवलेलं होतं.